लवकर लाल होणाऱ्या चेहऱ्याची निगा

एप्रिलच्या दुपारी दुचाकीवरून घरी आल्यावर स्कार्फ सोडावा तर गाल तापलेले असतात, नाकाच्या दोन्ही बाजू चुरचुरत असतात आणि तोंडावर मारलेले साधे पाणीही झोंबते, हा अनुभव पुण्यात अनेकांना येतो. गव्हाळ किंवा सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे तेथे आग होणे, हाताला ऊब लागणे आणि तपकिरी किंवा जांभळट छटा येणे हीच खूण समजावी.

अशा त्वचेचा बाहेरचा थर ओलावा धरून ठेवत नाही आणि झोंबणारे पदार्थ सहज आत शिरू देतो. म्हणून आरंभ वजाबाकीने करावा. स्क्रब, टोनर, सुगंधी फेसवॉश आणि आम्लयुक्त सीरम तीन-चार आठवडे कपाटात ठेवावीत. लिंबू, डाळीचे पीठ आणि मुलतानी मातीही त्यांच्याच शेजारी. दिवाळीचे उटणे अंगाला खुशाल लावावे, पण आजी रागावली तरी चेहरा वगळावा.

साबणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) बहुधा ९ ते १० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, त्यामुळे साबणाऐवजी बिनसुगंधी सौम्य क्लेन्झर रात्री एकदाच वापरावा. सकाळी कोमट पाणी पुरे. थंडीत गीझरचे कढत पाणी तोंडावर घेण्याचा मोह टाळावा. टॉवेलने चेहरा न चोळता टिपून घ्यावा आणि त्वचा ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्वचेतच असणारा, ओलावा धरणारा स्निग्ध घटक) असलेले मॉइश्चरायझर लावावे. कोणतीही नवी वस्तू आधी कानामागे किंवा जबड्याखाली चार-पाच दिवस लावून पाहावी, आणि एका वेळी एकच. दोन सुरू केल्या तर कोणती बाधली ते कळत नाही.

दिवसा किमान ३० एसपीएफचे, झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन सहसा मानवते. तर्जनी आणि मधल्या बोटावर भरेल एवढे चेहऱ्याला व मानेला घ्यावे. स्कार्फ असला तरी सनस्क्रीन हवेच. तो स्कार्फ सिंथेटिक असेल तर घाम आणि घर्षण गालांना छळते, म्हणून सुती वापरावा, रोज धुवावा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावा.

मिसळ, मद्य, भर उन्हातली सिंहगडाची चढण, मनावरचा ताण यांपैकी कशाने चेहरा पेटतो हे प्रत्येकाचे निराळे असते, ते महिनाभर वहीत टिपावे. चहा सोडावा लागेलच असे नाही. बऱ्याचदा अपराध चहाचा नसून त्याच्या वाफाळतेपणाचा असतो.

आता सर्वांत घातक गोष्ट. माझ्या मावसबहिणीला औषधांच्या एका दुकानातून, चिठ्ठीशिवाय, एक मलम मिळाले. आठ दिवसांत चेहरा नितळ झाला, म्हणून तिने ते वर्षभर लावले. बंद करताच चेहरा सुजून लालबुंद झाला, कारण त्यात स्टिरॉइड होते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही नावे नळीवर बारीक अक्षरांत असतात, ती भिंग घेऊन वाचावीत. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि चेहऱ्याला त्या मलमाची जणू चटक लागते. ते आधीच वापरात असेल तर मनाने एकदम न सोडता त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सोडावे.

लाली टिकून राहिली, पुटकुळ्या आल्या किंवा डोळे खुपू लागले, तर तो रोझेशिया, म्हणजे चेहरा वारंवार लाल करणारा त्वचेचा चिवट विकार, असू शकतो. त्यावर मेट्रोनिडाझोल, अझेलेइक ॲसिड, आयव्हरमेक्टिन अशी औषधे आहेत, पण ती तज्ज्ञानेच ठरवावीत. गालांवरील लालीसोबत सांधेदुखी किंवा ताप असेल तर अजिबात थांबू नये. ससून रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे. जाताना वही, चेहरा भडकलेला असतानाचे फोटो आणि आजवर वापरलेल्या सगळ्या नळ्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात.