उन्हाळ्यात भावंड बडोद्याला येतंय? हे दिवस असे घालवा

नोकरीसाठी बडोद्यात नव्याने आलेल्या माणसाचा पहिला मे महिना फार शांत जातो. विद्यापीठाला सुट्टी, शेजारचे गावी गेलेले, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि पारा ४० अंशांच्या वर. ओळखी अजून ऑफिसपुरत्याच. अशात ताईचा किंवा धाकट्या भावाचा फोन येतो, "येऊ का थोडे दिवस?" लगेच हो म्हणा. भावंड बडोदा बघायला येत नसतं, तुम्ही इथे कसे राहता ते बघायला येतं. एवढं धरून चाललं की बाकीचं ठरवणं सोपं जातं.

तिकीट काढतानाच ठरवायच्या गोष्टी

मुंबईहून रेल्वेने साधारण पाच तास लागतात. गाडी अशी निवडा की उतरणं सकाळी किंवा संध्याकाळी होईल. भर दुपारी सामान घेऊन रिक्षा शोधावी लागली, तर पहिला दिवस डोकेदुखीतच जातो. सगळ्या दिवसांची रजा टाकू नका. मधले एक-दोन दिवस तुम्ही कामावर जा आणि घराची किल्ली त्याच्या हाती द्या. कोपऱ्यावरचं दूध, भाजीवाल्याशी मोडक्या गुजरातीत केलेली घासाघीस हे त्याचं त्याला करू दे. संध्याकाळी तो तुम्हालाच तुमच्या गल्लीतल्या चार नव्या गोष्टी सांगेल. येताना मेतकूट, भाजणी आणि आईच्या हातचं लोणचं आणायला मात्र आधीच सांगून ठेवा.

सकाळ बाहेर काढा

सहाला घर सोडा आणि नऊच्या आत परत या. पहिल्या सकाळी कमाटीबाग. १८७९ साली सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी केलेली ही बाग आजही गावाची हक्काची जागा आहे. बागेतून विश्वामित्री नदी वाहते आणि तिच्यात खरोखरच्या मगरी आहेत. पुलावर उभं राहून पाणी न्याहाळा, काठावर उतरू नका. बागेतलं संग्रहालय उशिरा उघडतं, म्हणून ते वेगळ्या दिवसासाठी ठेवा. तिथली इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा बघताना मोठी माणसंही लहान होतात. लहानपणी भांडलेल्या भावंडांबरोबर तर नक्कीच.

दुपार घरात, आणि ती घाईने संपवू नका

माझ्या मते या भेटीचा गाभा इथे आहे. ऊन बाहेर पडू देत नाही, म्हणून कुठे जायचं हा प्रश्नच उरत नाही, आणि एरवी फोनवर कधीच न निघणाऱ्या गोष्टी निघतात. पडदे ओढा, कूलरमध्ये पाणी भरा, फरशीवर चटई टाका. केशर आंबे आणून दोघांनी मिळून रस काढा, पुऱ्या एकाने लाटाव्यात, दुसऱ्याने तळाव्यात.

हात कामात असले की जड विषय हलके निघतात. आईचे गुडघे, बाबांची औषधं, गावच्या घराचं काय करायचं, तुमचं इथे मन रमतंय की नाही. समोरासमोर बसून "जरा बोलायचं होतं" म्हटलं की दोघंही गप्प होतात; आंबा पिळताना तसं होत नाही. म्हणून नव्या घरातलं एखादं राहिलेलं काम मुद्दाम शिल्लक ठेवा: पडद्याचा दांडा लावणं, न उघडलेली खोकी उघडणं, जुन्या फोटोंची वर्गवारी. ताई असेल तर स्वयंपाकघराची मांडणी ती बदलणारच. बदलू द्या.

खर्चाचं पहिल्याच दुपारी स्पष्ट बोलून टाका. थोरल्याने सगळे पैसे द्यायचे ही आपल्याकडची रीत, पण कमावत्या धाकट्याला एखाददुसरं जेवण देऊ द्यावं. त्यालाही आता तो मान हवा असतो. आई-बाबांना दिवसातून एकदाच, दोघांनी मिळून व्हिडिओ कॉल करा.

संध्याकाळी जुन्या गावात

सहानंतर दांडिया बाजार, रावपुरा भागात पायी फिरा. दुकानांच्या पाट्यांवर मराठी आडनावं दिसतील, कानावर मराठीही पडेल. या भागातल्या तांबेकर वाड्याच्या भिंतींवर १९व्या शतकातली चित्रं आहेत. तो आतून बघायचा तर दिवसा, उघडण्याची वेळ विचारून जा. पुढे सूरसागर तलावाचा काठ.

तिथे बसल्यावर भावंडाला एक गोष्ट सांगा. १८७५ साली जमनाबाई महाराणींना गादीसाठी दत्तक मुलगा हवा होता, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून तीन सख्खे भाऊ बडोद्याला आणले गेले: आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. निवड मधल्याची झाली आणि गोपाळरावाचे सयाजीराव झाले. १२ वर्षांचं पोर परक्या गावात आलं ते भावांच्या सोबतीने, हे मला या शहराबद्दल सगळ्यात जवळचं वाटतं.

मग सेव-उसळ खा. आपल्या मिसळीची ही सख्खी नातलग, पण तर्री वेगळी वाढतात, म्हणून पाहुण्याच्या जिभेला झेपेल तेवढीच घालायला सांगा.

एकच लांबची फेरी

चांपानेर हे जुनं राजधानीचं शहर सुमारे ५० किलोमीटरवर आहे. २००४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. पहाटे साडेपाचला निघा, जामी मशिदीतलं दगडी कोरीवकाम कोवळ्या उन्हात बघा आणि अकराच्या आत परतीला लागा. शेजारचा पावागड डोंगर त्याच दिवशी उरकू नका. देवीच्या दर्शनाची गर्दी आणि ऊन दोन्ही अंगावर येतील. बडोद्यातलाच लक्ष्मीविलास राजवाडा बघायचा असेल तर आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयातली राजा रविवर्म्याची चित्रं चुकवू नका. सोमवारी मात्र ते बंद असतं.

निघायच्या दिवशी

परतीचा डबा तुम्ही करा, बाहेरून आणू नका. दशम्या आणि कोरडी चटणी उन्हाळ्यात टिकते. घरच्यांसाठी लीला चेवडा द्या. बटाटा, हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची घातलेला हा चिवडा ओलसर असतो, म्हणून तो आदल्या रात्री घेऊ नका. स्टेशनवर जाता जाता ताजा घ्या आणि पोचल्यावर लवकर संपवायला सांगा. दिवाळीला कोण कुणाकडे येणार हे गाडी यायच्या आधी फलाटावरच ठरवा, कारण त्या दिवसांची तिकिटं फार लवकर संपतात.