कोकणातून मुंबईत येताना पुढची लोकल कशी पकडायची

तिकीट, डबा, पाणी हे सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त एक, गाडीचं तिकीट ज्या स्टेशनापर्यंत आहे तिथपर्यंतच चालतं, पुढच्या लोकलचं वेगळं काढायचं.

खरी गोची उतरायचं कुठे इथे आहे. गावात कोणालाही विचारा, "दादरला उतर रे, तिथून सगळीकडे जाता येतं". हे ऐकू नका! आंब्याची पेटी आणि दोन पिशव्या घेऊन दादरचा पूल चढायचा आणि मग डोंबिवलीसाठी परत उलटं ठाण्याकडे यायचं, कशाला? कोकणकन्या आणि तुतारी या दोन्ही एक्सप्रेस गाड्या पनवेल आणि ठाण्याला थांबतात. वाशी, नेरुळ, बेलापूरला जाणाऱ्यांनी सरळ पनवेलला उतरायचं, तिथून हार्बर लोकल सुटते म्हणजे बसायला जागा मिळते. ऐरोली-घणसोलीवाल्यांनी पण पनवेललाच उतरून ठाणे लोकल धरायची. डोंबिवली, कल्याण, मुलुंड, भांडुप असेल तर ठाणे, आणि तिथे गाडी फार वेळ थांबत नाही म्हणून दिवा गेलं की सामान दाराशी आणून ठेवा. साकीनाका, मरोळ, अंधेरी पूर्व असेल तरी मी ठाणेच म्हणेन, लोकलने घाटकोपर आणि तिथून वर्सोव्याची मेट्रो, दादर बघायचीसुद्धा गरज नाही. दादर फक्त बोरिवली, मालाड, वांद्रे अशा वेस्टर्न लाइनवाल्यांसाठी. आणि तिथे प्लॅटफॉर्म नंबर जुन्या आठवणीवर शोधू नका, डिसेंबर २०२३ पासून वेस्टर्नचे १ ते ७ आणि सेंट्रलचे ८ ते १४ असे सलग झालेत.

गर्दीचं पण नीट समजून घ्या. सकाळी लोंढा सीएसएमटी-चर्चगेटकडे असतो, त्यामुळे दादरहून बोरिवलीकडे तुम्ही आरामात जाता. पण गाडी लेट होऊन नऊला ठाण्यात आलात आणि जायचंय भायखळ्याला, तर सामान घेऊन फास्ट लोकलमध्ये अजिबात घुसू नका, विशेषतः म्हातारी माणसं किंवा पोरं सोबत असतील तर. बाकड्यावर बसा, चहा घ्या, अकरानंतर जा. घरचे वाट बघतायत म्हणून जीव धोक्यात घालायचा नसतो.

इंडिकेटरवर फास्ट की स्लो ते बघूनच चढायचं, नाहूर-कांजूरमार्गला फास्ट थांबत नाही. चढल्यावर पुढच्या माणसाला "घाटकोपर उतरणार का?" असं विचारून त्याच्या मागेच उभं राहायचं, आणि हे एक स्टेशन आधी, गाडी थांबल्यावर नाही. संध्याकाळी बोरिवलीला जायला विरार लोकल पकडू नका, उतरायला मिळणं मुश्किल, बोरिवली लोकलच बघा.

बाहेर बस: मुंबईत बेस्ट, ठाण्यात टीएमटी, नवी मुंबईत एनएमएमटी. बेस्टचं कमीत कमी भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये झालंय, सुट्टे वरच्या खिशात ठेवा.