कलेचा इतिहास: जड विषय कसा पेलावा

कला महाविद्यालयात येणाऱ्या बहुतेकांचा हात चालत असतो. वांधा होतो तो कलेच्या इतिहासाच्या तासाला. लेण्यांचे क्रमांक, राजवंश, शतकं! मग गाईड आणून पाठांतर सुरू होतं. परीक्षेत पडद्यावर नुसतं छायाचित्र आलं, की पाठ केलेलं कुठे जोडायचं तेच कळत नाही.

आधी भिंतीवर एक लांब कागद लावा आणि त्यावर पाचच खुंट्या ठोका. भाजे, इ.स.पू. दुसरं शतक. कार्ले, इसवी सनाचं पहिलं. अजिंठ्याचा दुसरा बहर, पाचवं, वाकाटक हरिषेणाचा काळ. घारापुरी, सहावं. वेरूळचं कैलास, आठवं, राष्ट्रकूट कृष्ण पहिला. बाकीचं सगळं वर्षभर यांच्या मागेपुढे टांगत जायचं.

मग पुस्तकातल्या चित्राखालची ओळ झाका आणि वहीत कच्चं रेखाटन करा. दहा मिनिटं पुरतात. रेखाटताना खांब कुठे झुकतो ते हाताला कळतं. ते वाचून कळत नाही.

एक दिवस पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. आधी भाजे. चैत्यगृहातले, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहातले, खांब आत कललेले दिसतील. लाकडी घराचे खांब छताचा भार पेलायला असेच तिरके रोवत. दगडात त्याची गरज नव्हती, पण कारागिरांचा हात अजून सुताराचाच होता. दर्शनी भाग लाकडी होता, तो गेला. त्याच्या खाचा तेवढ्या राहिल्या. नंतर कार्ले. इथे खांब सरळ उभे, वर हत्तींवर बसलेली जोडपी. छताला मात्र लाकडी कमानी आजही आहेत! दर्शनी भिंतीवरच्या दांपत्यांजवळ बुद्धमूर्ती दिसतात, त्या काही शतकांनंतरच्या. एकाच भिंतीवर दोन काळ कसे ओळखायचे, याचा धडा तिथेच मिळतो. रविवार टाळा, शेजारी एकवीरा आईच्या दर्शनाला गर्दी असते. (दर्शन घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी.)

शब्द जपून वापरा. अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या गिलाव्यावर रंग देतात. अजिंठ्यात माती आणि भुशाच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन, तो सुकल्यावर रंगवलं आहे. ‘भित्तिचित्र’ लिहा, चूक होणार नाही.

उत्तर लिहिताना आधी दिसतं ते लिहा, मग त्याचं कारण, शेवटी काळ. दोन कृतींची तुलना विचारली तर एकीवर पान भरून दुसरीला चार ओळी देऊ नका. मुद्दा घ्या आणि दोन्हीकडे तपासा. ‘भव्य’, ‘अप्रतिम’, ‘डोळ्यांचे पारणे फिटते’ हे सगळं खोडा. त्याला गुण नसतात.

अजिंठा-वेरूळची सहल आखताना वार पाहा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.