टेस्टोस्टेरॉनची चाचणी : लॅबमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) करून बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या लॅबमध्ये लागलेल्यांना ही चाचणी सोपी वाटते. रक्त काढलं, मशीनला लावलं, झालं. पण बहुतेक घोळ नमुना मशीनपर्यंत पोचायच्या आधीच होतात.

पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. नमुना ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी घ्या. खाल्ल्यावरही आकडा काही काळ खाली येतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून थेट आलेल्याची मात्र ती सकाळच नव्हे. त्याला झोपून उठल्यावर दोन-तीन तासांत बोलवा. ‘कधी उठलात?’ हे कन्नडमध्येही विचारता यायला हवं: ‘यावाग एद्दिरी?’

केसांसाठी गोळ्या घेता का, हेही विचाराच. त्यांत बरेचदा बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व) असतं. ज्या मशीनची पद्धतच स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला घट्ट चिकटण्यावर चालते, तिच्यावर ते टेस्टोस्टेरॉन खोटंच वाढवून दाखवतं, टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतलं हार्मोन) मात्र खोटंच कमी. मोठा डोस असेल तर दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगा, पण डॉक्टरांना विचारून. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्याच्या त्याच दंडातून रक्त काढू नका.

लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ३ ते ५ मिली पुरतं. ट्यूब हळूच उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही. अर्धा तास उभी ठेवून गुठळी होऊ द्या, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सिरम (वरचा पातळ भाग) वेगळं करा. घाईने फिरवलं तर सिरममध्ये फायब्रिनचे (गुठळीतल्या प्रथिनाचे) धागे राहतात आणि मशीनची नमुना ओढणारी सुई (प्रोब) अडते. खानापूरहून पावसाळ्यात नमुना पाठवायचा असेल तर सिरम तिथेच वेगळं करा. न फिरवलेली ट्यूब बर्फावर घालून खड्ड्यांतून आणली की रक्तपेशी फुटून लाल झालेलं सिरमच हाती येतं.

सर्वांत जपायचं ते बायकांच्या रिपोर्टला. पुरुषांत साधारण ३०० ते १०००, बायकांत १५ ते ७० नॅनोग्राम प्रति डेसिलिटर. इतक्या खालच्या पट्ट्यात साध्या इम्युनोअॅसेचा (अँटिबॉडी वापरून मोजायच्या पद्धतीचा) भरवसा कमी. दुसरे स्टेरॉइडही त्यात थोडेफार मोजले जातात. पीसीओएसच्या (बायकांतल्या बीजकोशांच्या हार्मोन-विकाराच्या) शंकेत किंवा लहान मुलांत आकडा पटत नसेल तर एलसी-एमएस या जास्त अचूक पद्धतीच्या लॅबकडे पाठवा. गर्भनिरोधक गोळ्यांनी एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) वाढतं, म्हणून त्यांची नोंद हवीच.

जुन्या रिपोर्टशी ताळा करताना एकक बघा. १०.४ नॅनोमोल प्रति लिटर म्हणजेच ३०० नॅनोग्राम प्रति डेसिलिटर. पेशंट ‘तीनशेचे दहा झाले’ म्हणून घाबरून येतात. पुरुषात एकदाच कमी आलं तर निदान होत नाही, दुसऱ्या एखाद्या दिवशीचा सकाळचा नमुना लागतो. हे काउंटरवरच सांगून टाका.