नोकरी न सोडता वर्षभर फिरायचं कसं : खास सोलापूरकरांसाठी

फिरण्याचा विषय निघाला की सोलापुरात दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. एक, "तेवढा पगार कुठाय?" आणि दुसरं, "आपल्या इथं बघण्यासारखं आहेच काय?" मला दोन्ही पटत नाहीत. मी सुताच्या दुकानात हिशेब लिहितो, ठरलेला पगार, दिवाळीला बोनस, बाकी काही नाही, आणि तरी लांबच्या ट्रिपा होतात आणि मधल्या सुट्ट्याही घरात लोळून जात नाहीत. ज्या क्रमाने मी हे करतो तो क्रम लिहितोय, तुमच्या कामाप्रमाणे थोडं इकडं तिकडं करून घ्या.

१. पगार झाला त्याच दिवशी फिरण्याचे पैसे वेगळे काढा

महिनाअखेरीला उरतील ते फिरायला, असं ठरवलं तर कधीच काही उरत नाही. पगाराचा बारावा हिस्सा आल्या आल्या बाजूला टाकायचा. म्हणजे १८,००० पगार असेल तर महिन्याला १,५००, वर्षाला पूर्ण १८,०००, बरोबर एक पगार फक्त फिरण्यासाठी. लूमवर, बिडीत किंवा बांधकामावर ज्यांचा पगार आठवड्याला होतो त्यांनी आठवड्याचा हिशेब धरावा, ३०० रुपये टाकले तरी वर्षाचे १५,६०० होतात. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड, यूपीआय काही घेऊ नका, हाताशी असलं की खर्च होतंच. आरडी काढणार असाल तर बँकेत सहा महिन्यांची किंवा वर्षाची काढा, पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती पोरांच्या शिक्षणाला ठीक आहे, ट्रिपेला नको. गल्लीत भिशी असेल तर आपला नंबर सुट्टीच्या आधीच्या महिन्यात लावून घ्या, भिशीवाले असल्या गोष्टीला नाही म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र कडक पाळायची. दवाखान्याला लागतील एवढे पैसे आधी वेगळे पाहिजेत आणि हप्त्यावर ट्रिप अजिबात नाही. मालकाकडून उचल घेऊन फिरायला जायचं आणि परत आल्यावर चार महिने पगारातून कापून घ्यायचं, त्या फिरण्यात काय मजा राहते सांगा.

२. सीझनचं जादा काम पकडा

सोलापुरात जादा काम मिळत नाही असं नाही, फक्त ते सीझनला असतं. शाळा सुरू व्हायच्या आधीचे महिने युनिफॉर्मवाल्यांचे, तेव्हा शिलाई, काजे-बटण, इस्त्री, पॅकिंग सगळीकडं माणूस कमी पडतो. दिवाळीच्या आधी कापड दुकानात संध्याकाळचं काम मिळतं. लग्नसराईत केटरिंगवाल्यांना वाढपी लागतात. हिशेब येत असेल तर छोट्या दुकानदारांची जीएसटीची कागदं लावून देण्याचं काम बारा महिने आहे.

मला सगळ्यात आवडणारं काम सेलचं. आपले चादरी-टॉवेलवाले दुसऱ्या शहरात हॉल भाड्याने घेऊन सेल लावतात, तेव्हा त्यांना विश्वासाचा माणूस सोबत पाहिजे असतो, माल मोजणारा, गल्ला सांभाळणारा. जायचा-यायचा खर्च त्यांचा, राहण्याची सोय त्यांची, वर रोजचा पगार. सेल सकाळी उशिरा उघडतो, त्यामुळे पहाटे उठलात तर सेल उघडेपर्यंतचं शहर तुमचंच. ओळखीच्या व्यापाऱ्याला एकदा सांगून तर ठेवा.

या जादा कामाचा पैसा घरखर्चात मिसळू द्यायचा नाही, थेट त्या वेगळ्या खात्यात.

३. सुट्टी दोन महिने आधी मागा

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (पूर्वी १२० दिवस होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं), म्हणजे सुट्टीचं मालकाशी किंवा साहेबाशी बोलणं त्याच्या आधी झालेलं पाहिजे. कामाची गर्दी कधी असते आणि मंदी कधी असते हे आपल्याला माहीतच असतं, मंदीतले दिवस मागा आणि गर्दीत एकही खाडा करू नका, मग नाही म्हणायला समोरच्याकडं कारणच राहत नाही. जोडून सुट्ट्या आल्या की सगळं गाव बाहेर पडतं, रूमचे भाव चढतात, गाड्या फुल होतात. त्या दिवसांत दुसऱ्याची ड्युटी करून द्यायची आणि बदल्यात त्याच्याकडून मधल्या वारची सुट्टी घ्यायची. तत्काळवर भरवसा ठेवून प्लॅन करू नका, ते अडचणीपुरतं.

४. नकाशा स्टेशनवरून उघडा

आपण मोठ्या लाईनवर राहतो याची आपल्यालाच कदर नाही. ट्रिप ठरवताना "कुठं जावं" असा विचार करण्याऐवजी "सोलापूर स्टेशनवरून गाडी न बदलता कुठं जाता येतं" तिथून सुरुवात करा, अर्धा खर्च तिथंच कमी होतो. कर्नाटक एक्सप्रेस थेट दिल्लीला नेते. कोणार्क एक्सप्रेस थेट भुवनेश्वरला. कन्याकुमारीची गाडी आपल्या फलाटावरून जाते. सिद्धेश्वर एक्सप्रेसला रात्री बसलं की सकाळी मुंबई, आणि मुंबईवरून पुढं कुठंही.

पण पहिली ट्रिप करायची असेल तर माझं ऐका, होटगीवरून खाली जाणारी विजापूर-गदग लाईन धरा. विजापूर शंभरेक किलोमीटर, तिथला गोलघुमट म्हणजे महंमद आदिलशहाची कबर, सकाळी उघडल्या उघडल्या वर चढा, गर्दी व्हायच्या आत, तेव्हाच एका टोकाला केलेली कुजबुज समोरच्या भिंतीपाशी ऐकू येते, नंतर पोरं ओरडायला लागली की काही कळत नाही. तीच लाईन पुढं कृष्णेवर अलमट्टी, बागलकोट करत बदामीला जाते. बदामीच्या लाल दगडातल्या लेण्या चालुक्यांच्या, तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. बदामीत मुक्काम करून पट्टदकल आणि ऐहोळे दोन्ही लोकल बसने होतात, पट्टदकल तर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. अजून दोन दिवस हातात असतील तर गदगवरून होस्पेट, म्हणजे हंपी. एवढी मोठी ट्रिप साध्या डब्यात बसून, साध्या लॉजवर राहून एका पगाराच्या बऱ्याच आत बसते. लोक याच्यासाठी पुण्या-मुंबईवरून रात्रभर प्रवास करून येतात, आपल्याला तर ते दारात आहे.

हिमालय करायचा असेल तर यूथ हॉस्टेल्स असोसिएशनची मेंबरशिप घ्या. त्यांचे कसोलच्या सार पाससारखे ट्रेक असतात, तंबू, जेवण, वाटाड्या सगळं त्या फीमध्येच येतं आणि खासगी कंपन्यांपेक्षा बरंच स्वस्त पडतं. तब्येतीची तयारी मात्र आधीपासून पाहिजे, त्याला पुढचा सहावा मुद्दा उपयोगी येईल.

५. पैसा खाण्यात आणि राहण्यात वाचतो

गाडी ठरली की तिकिटात आणखी फार काही वाचत नाही. खरा पैसा जातो तो हॉटेलात आणि "आता भूक लागली, काहीही घेऊ" मध्ये. जाताना रात्रीची गाडी धरली की एक मुक्काम वाचतो, पण लागोपाठ दोन रात्री असं करू नका, दुसऱ्या दिवशी काही बघायचा उत्साहच राहत नाही. देवस्थानच्या गावी भक्त निवास, रेल्वेच्या गावी स्टेशनवरच्या रिटायरिंग रूम, त्या कन्फर्म तिकिटावर ऑनलाईन बुक होतात.

आणि खाण्याचं म्हणाल तर प्रवासासाठीच बनवल्यासारखी वस्तू आपल्याकडं आहे, कडक भाकरी. ज्वारीचं पीठ, शक्यतो मालदांडीचं, पातळ थापून भाजायची आणि मग मंद आचेवर पार कडक होईपर्यंत ठेवायची, पाण्याचा अंश राहता कामा नये, राहिला तर बुरशी धरते. पूर्ण गार झाल्यावर कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात उभी लावायची, आडवी ठेवली की खालच्यांचा चुरा होतो. सोबत उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगा चटणी. दही भारतात कुठल्याही गावात मिळतं, त्यात भाकरी चुरायची, वर चटणी, झालं एक वेळचं जेवण वीस-तीस रुपयात. एक वेळ हे आणि एक वेळ तिथलं स्थानिक जेवण, असं ठेवा. दोन्ही वेळा डबाच खाल्ला तर त्या गावाची चव कशी कळणार?

६. मधल्या सुट्ट्यांना जिल्हा फिरा

हा मुद्दा लोक सोडून देतात आणि मला वाटतं हाच सगळ्यात मोठा आहे. लांबची ट्रिप वर्षातून एखाद-दुसरी होणार, बाकीच्या सुट्ट्यांचं काय?

सुरुवात शहरातूनच करा. सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली, संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज त्या सगळ्यांना जाऊन येतात. आपल्यातल्या किती जणांनी ती ६८ च्या ६८ बघितलीत? यादी घ्या, सायकल काढा, एका सकाळी जमतील तेवढी शोधा, बाकीची पुढच्या सुट्टीला. पत्ता मोबाईलवर न बघता लोकांना विचारत जायचं. कन्नड, तेलुगू, मराठी, दखनी उर्दू, चारही भाषेत रस्ता सांगणारी माणसं भेटतात, आणि ज्या पेठेत आपण जन्मात कधी शिरलो नाही तिथं कुणीतरी चहा पाजतं.

मग बार्शी रोडला नान्नज, वीसेक किलोमीटर. माळढोक अभयारण्य आहे, पण माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, तो पक्षी आता जवळपास संपत आलाय, मादी एका वेळी बहुतेक एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. तिथं बघायचा तो गवताळ माळ, त्यातले काळवीट, आणि नशीब असेल तर लांडगा. पाऊस पडून गेल्यावर जा, वन विभागाची परवानगी घेऊन, फिकट रंगाचे कपडे घालून, आणि एका जागी तासभर गप बसा. पहिली पंधरा मिनिटं नुसतं गवत दिसतं. मग एक शिंग हलतं आणि कळतं की समोर अख्खा कळप मघापासून बसलाय.

हत्तरसंग कुडल चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम. संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक, वाचणारा विजयी होईल अशा अर्थाची ओळ त्यात आहे. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात एकाच पिंडीवर शेकडो चेहरे कोरलेत. शेजारच्या जिल्ह्यातल्या नळदुर्गला पावसाळ्यातच जा, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे, वरून नर-मादी धबधबे कोसळत असतात. थंडीत उजनीच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) येतात, तेवढं लांब जमत नसेल तर तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव आहे, पहाटे जाऊन नऊपर्यंत घरी येता येतं.

मार्च ते मे मात्र सकाळी दहाच्या आत परत फिरा, इथला चाळीसच्या वरचा उन्हाळा गंमत नाही. दोन लिटर पाणी, टोपी, पंक्चरचं सामान घ्या आणि कुठं चाललोय ते घरी सांगून जा. नदीत, बंधाऱ्यावर उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी.

७. घरच्यांना सोबत घ्या

एकट्याचंच फिरणं झालं की घरात कुरबुर होते आणि ती बरोबरच आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत, म्हणजे बायको आणि आईला घेऊन तुळजापूर करून नळदुर्गवरून परत यायचं तर एका माणसाचं पूर्ण तिकीट आणि बाकीचं निम्मं नाहीतर फुकट. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, विजापूर-गुलबर्ग्याला जाताना पुढचं तिकीट पूर्ण पडतं. आधार कार्ड ओरिजिनल ठेवा. लांब फिरायचं असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास चार दिवसांचा आणि सात दिवसांचा मिळतो, डेपोत चौकशी करा, आणि तो घेतलात तर एका गावी दोन-दोन दिवस बसू नका, रोज एसटीत बसणार असाल तरच तो पास वसूल होतो.