अंडपेशीचा खोटा प्रतिसाद मी कसा दूर केला

सांगलीतील आमच्या प्रयोगशाळेत अँजिओटेन्सिन-२ या रक्तदाब वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहीचा, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या पेशीवरील प्रथिनाचा, अभ्यास करताना मी झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशींत त्या ग्राहीचा एम-आरएनए (प्रथिन घडवण्याची सूचना वाहणारा रेणू) टोचत असे. ही अंडपेशी परक्या एम-आरएनएवरूनही प्रथिन घडवते, हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवले होते. ग्राही सक्रिय झाला, की पेशीत कॅल्शियम वाढते, क्लोराइडच्या वाहिन्या उघडतात आणि व्होल्टेज क्लॅम्प या पेशीतील प्रवाह मोजणाऱ्या उपकरणावर विद्युतप्रवाह नोंदला जातो. अडचण अशी, की केवळ पाणी टोचलेल्या पेशीही तसाच प्रतिसाद देऊ लागल्या, आणि तुलनेच्या पेशीच असे वागू लागल्या तर बाकीच्या मोजमापांना काय अर्थ उरतो?

सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिल्यावर अनेक अंडपेशींवर पुटकपेशींचा, म्हणजे अंडाशयात अंडपेशीला वेढणाऱ्या पेशींचा, पातळ थर चिकटून राहिलेला आढळला. या थरातील पेशींना संप्रेरकाचे स्वतःचे ग्राही असतात आणि पेशी-पेशींमधील जोडमार्गांतून त्यांचा संदेश अंडपेशीत उतरतो. म्हणून मी कॅल्शियमविरहित द्रावणात कोलॅजिनेज या पेशींभोवतीचे बांधणारे प्रथिन तोडणाऱ्या विकराची प्रक्रिया पूर्ण होऊ दिली, उरलेला थर बारीक चिमट्याने सोलला आणि पेशी रात्रभर १८ अंश सेल्सिअसला ठेवल्या. एप्रिलच्या उन्हाळ्यात हे शेवटचे काम सर्वांत जिकिरीचे, त्यासाठी इन्क्युबेटरला स्वतंत्र इन्व्हर्टर जोडावा लागला. त्यानंतर पाणी टोचलेल्या पेशी शांत राहिल्या.