रथसप्तमीला दूध उतू कसे घालावे

माघ शुद्ध सप्तमीला सूर्योदयापूर्वी स्नान करावे. डोक्यावर एक आणि दोन्ही खांदे, गुडघे व पावले यांवर एकेक अशी रुईची सात पाने ठेवून अंगावर पाणी घ्यावे. रुईचा चीक डोळ्यांना अपायकारक असतो. त्यामुळे पाने आदल्या संध्याकाळीच तोडून स्वच्छ धुऊन ठेवावीत. मग पाटावर रक्तचंदनाने सात घोड्यांच्या रथातील सूर्य रेखून पूजा करावी आणि तांब्याच्या भांड्यातून, तांबडे फूल घालून, उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यावे.

खरी कसोटी लागते ती अंगणात तुळशीपाशी दूध उतू घालताना. संक्रांतीचे सुगड जपून ठेवले असेल तर तेच घ्यावे, मात्र ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे. कोरडे मातीचे भांडे विस्तवावर तडकते. तापलेल्या सुगडात गार दूध ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. दूध आधी भरावे, मगच सुगड विस्तवावर चढवावे.

मला सर्वांत उशिरा साधला तो विस्तव. गोवऱ्या पूर्ण वाळलेल्या असाव्यात. त्यांचे तुकडे एकमेकांवर दाबून न रचता मधून हवा खेळेल असे रचावेत, तुपात भिजवलेल्या कापराने पेटवावेत आणि ज्वाळा बसून निखारे फुलेपर्यंत धीर धरावा. थेट ज्वाळेवर ठेवलेले सुगड एका बाजूने तापते, आणि धुरकट गोवरीवर दूध नुसतेच कोमट होत राहते. सुगड गळ्यापर्यंत भरावे आणि पूर्वेकडे किंचित कलते ठेवावे, कारण दूध त्या दिशेला उतू जावे अशी आपली रीत आहे. दूध साय काढलेले किंवा पाणी घातलेले नसावे. तापताना वर सायीचा पडदा धरतो, त्याखाली वाफ कोंडते आणि तीच दुधाला वर उचलते. म्हणून एकदा ठेवलेले दूध ढवळू नये. उशीर होतो म्हणून वरून आणखी दूध ओतून ते सांडवणे मला मान्य नाही. सूर्याला वाहायचे ते आपणहून उतू गेलेले दूध.

अंगण नसेल तर गच्चीत मातीच्या शेगडीवर हे करावे, बंद खोलीत मात्र गोवरी पेटवू नये.

उरलेल्या दुधात तांदूळ शिजवून खिरीचा नैवेद्य दाखवावा. गूळ घालायचा असल्यास खीर कोमट झाल्यावरच घालावा, अन्यथा दूध फाटते.